गोठा लहान झाला, पाहुणे वाढले: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर, जांबोटीच्या अलीकडे, एका घराच्या गोठ्यात पूर्वी तीसेक म्हशी होत्या. आज चौदा आहेत. तरीही त्या घराचा धंदा बुडाला असं गावात कोणी म्हणत नाही, कारण शनिवार-रविवारी त्याच अंगणात गाड्या लावायला जागा पुरत नाही. तीस म्हशी असताना हप्त्यांच्या तारखा मोजणारं घर चौदा म्हशींवर कसं सावरलं, हा या प्रकरणाचा विषय. मी या भागातल्या दूधवाल्या घरांच्या हिशेबाच्या वह्या बघतो, त्यामुळे माझी नजर आधी आकड्यांवर जाते आणि मग म्हशीवर. घर ओळखू येऊ नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे, काही तपशील बदलले आहेत.

घरात दोघे भाऊ, त्यांच्या बायका, आई आणि मुलं. थोरल्याला घरात नि गावात सगळे अण्णाच म्हणतात. गोठा अण्णांचा आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे थोरल्या वहिनींचा. धाकटा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला जायचा. त्याची बायको, म्हणजे धाकटी, शहापूरची, शहरातली. जमीन थोडीच: भात, थोडा ऊस आणि बांधाकडेच्या तुकड्यात नेपिअर गवत.

आधी दुधाचं गणित. म्हशीचं दूध गावच्या सहकारी दूध संस्थेत जायचं, तिथून बेळगाव जिल्हा दूध संघात, आणि मग कर्नाटकातल्या दूध संघांच्या ‘नंदिनी’ नावाच्या पिशवीत. दर फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे दुधातला स्निग्धांश आणि तो सोडून उरणारा घन भाग यांवर. त्यावर कर्नाटक सरकारचं प्रोत्साहन: 2008 मध्ये लिटरमागे 2 रुपयांनी सुरू झालेलं, 2013 मध्ये 4 आणि 2016 मध्ये 5 रुपये झालेलं. सीमाभागात दूध कुठे घालायचं याचा हिशेब या पाच रुपयांभोवती फिरतो. निपाणी-चिकोडीकडे कोल्हापूरच्या संघांचं आकर्षण मोठं. तिकडे म्हशीच्या दुधाच्या दराचं नाव आहे, पण कर्नाटकाचं प्रोत्साहन त्या दुधाला मिळत नाही. जांबोटीच्या बाजूला असा पर्याय फारसा नव्हता, म्हणून हे घर संस्थेलाच दूध घालत राहिलं. पुढे हीच गोष्ट त्यांच्या कामी आली.

खर्चाची बाजू या पट्ट्यात निराळीच आहे. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस म्हणजे जूनपासून चार महिने गोठा ओला, खूर ओले, माश्या आणि गोचीड. पेंढा घरचा, हिवाळ्यात उसाचं वाडं मिळतं, पण कडबा बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या ज्वारीच्या पट्ट्यातून ट्रकने आणावा लागतो, आणि भाडं कडब्याच्या बोकांडी बसतं. तीस जनावरांपैकी कोणत्याही दिवशी दुभती निम्म्याहून थोडी जास्त, बाकी गाभण, भाकड किंवा पारड्या. भाकड म्हैसही रोज पंचवीस-तीस किलो हिरवी वैरण खाते आणि साठ-सत्तर लिटर पाणी पिते. वहीत हा खर्च कुठेच वेगळा दिसत नव्हता. संस्थेचं बिल आलं की पेंडवाल्याचं बिल भागायचं आणि उरलेलं हप्त्यात जायचं. अण्णांच्या हिशेबी दूध वाढवायचं तर म्हशी वाढवायच्या. बँकेलाही हेच पटत होतं.

पाहुण्यांची सुरुवात कोणी ठरवून केली नाही. बेळगावहून गोव्याला जायचे मुख्य रस्ते तीन: खानापूर-रामनगर करून अनमोड घाट, चंदगडकडून आंबोली, आणि हा चोर्ल्याचा. चोर्ल्याचा रस्ता जवळचा, म्हणून गोव्याकडच्या नि हुबळी-बेळगावच्या गाड्या इथून जातात. पावसाळ्यात धबधब्यांसाठी येणारी पोरं वेगळीच. 2010 नंतरच्या दशकाच्या मध्यावर धाकटीने रस्त्याकडेला चहाची शेड टाकली. घरच्या म्हशीच्या दुधाचा चहा, पाणी न घातलेला. चहा पिऊन माणसं विचारायची, म्हशी कुठायत? मग गोठ्याकडे चालत यायची, फोटो काढायची, पोरं रेडकाच्या तोंडात बोट घालायची. पैसे फक्त चहाचे.

दुसऱ्या वर्षी तिने खवा आटवायला घेतला, आणि खव्यावरून कुंद्यावर आली. बेळगावच्या माणसाला कुंदा समजावून सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच: दूध आटवत, त्यात दही टाकून ते किंचित फाडत, साखर करपण्याच्या अलीकडे नेऊन केलेली तपकिरी, रवाळ मिठाई. आता हिशेब बघा. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधात एक किलो खवा पडतो. प्रोत्साहन धरून संस्थेकडून लिटरला 55 रुपये मिळतात असं समजू. म्हणजे किलोभर खव्यात 275 रुपयांचं दूध गेलं, वर जळण आणि दोन तास कढईपाशी उभं राहणारं माणूस. नुसता खवा विकून हाती फार राहत नाही. कुंद्यात मात्र साखरेचं वजन कुंद्याच्या भावाने विकलं जातं. त्यातून रस्त्यावर उभं राहून, कढईत उलथनं फिरताना बघून घेतलेल्या कुंद्याला माणसं शहरातल्या दुकानाइतकाच भाव देतात आणि घासाघीस करत नाहीत. या घराचा खरा धंदा इथे सुरू झाला. नुसता गोठा बघायला कोणी पैसे देत नाही. कढई बघून देतात.

जळणाचा प्रश्न गोठ्यानेच सोडवला. एक मोठी म्हैस दिवसाला पंधरा किलो तरी शेण टाकते, आणि पंचवीस किलो शेणात सुमारे एक घनमीटर गोबरगॅस होतो. आजच्या चौदा जनावरांचं शेण धरलं तर दिवसाला आठ घनमीटरच्या आसपास, म्हणजे साडेतीन किलो एलपीजीची बरोबरी. पावसाळ्यात थंडीने गॅस कमी पडतो, तेव्हा लाकूड. पण उन्हाळ्यात कढई जवळजवळ फुकट चालते.

मग फौंड्री सोडून धाकटा घरी आला, आणि इथून प्रकरण गुंतागुंतीचं होतं. त्याने ‘डेअरी फार्म भेट’ अशी पाटी लावली, माणशी तिकीट ठेवलं, आणि संध्याकाळची धार बघायला माणसांना थेट गोठ्यात सोडलं. पहिल्या सीझनला रविवारचं दूध घसरायला लागलं. सोमवारी सकाळी परत जागेवर यायचं. अण्णांनी आधी पेंड बदलून पाहिली, मग पेंडवाल्याशी भांडण काढलं. कारण सांगितलं ते थोरल्या वहिनींनी: “माणसं बघून म्हशी बावरूलाल्यात. पान्हा चोरतात.”

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पाहुणे आणायच्या विचारात असलेल्या प्रत्येक दूधवाल्याला याची गाठ पडणार आहे. कास धुतली, रेडकाने ढुसण्या दिल्या, ओळखीचा हात लागला की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि पान्हा उतरतो. त्याचा अंमल काही मिनिटांचाच. त्या वेळात म्हैस घाबरली, अनोळखी आवाज झाला, पोराने फ्लॅश मारला, की भीतीचं संप्रेरक पान्हा अडवतं. गायीच्या कासेच्या टाकीत आधीच जमलेलं दूध बऱ्यापैकी असतं, त्यामुळे गाय बावरली तरी काही तरी हाती लागतं. म्हशीचं जवळजवळ सगळं दूध वर ग्रंथीत असतं. पान्हा नाही तर दूध नाही. शिवाय आत राहिलेलं दूध दगडीला, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराला, आमंत्रण. त्या मोसमात एका चांगल्या, भरपूर दूध देणाऱ्या मुऱ्हा जातीच्या म्हशीचा एक सड दगडीने कायमचा गेला. लाखाच्या पुढची म्हैस तीन सडांवर आली. त्या रविवारची सगळी तिकिटं एकत्र केली तरी तो सड भरून निघाला नसता.

कोणीतरी इंजेक्शनचा सल्ला दिला होता. ऑक्सिटोसिन टोचून पान्हा सोडवणं प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्याने गुन्हा आहे हे तर झालंच, पण ज्या घरात पाहुणे मोबाईल घेऊन फिरतात तिथे ते करायचा विचारही करू नये.

तोडगा निघाला तो म्हशीच्या जातीतून. घरात दोन पंढरपुरी म्हशी होत्या, आईच्या हट्टामुळे राहिलेल्या. तलवारीसारखी शिंगं, पार खांद्याच्या मागे गेलेली. दूध मुऱ्हापेक्षा कमी. अण्णांना त्या कधीच्या विकायच्या होत्या. पण पंढरपुरीची एक ख्याती आहे. कोल्हापूर-पंढरपूरकडचे गवळी हीच म्हैस घेऊन दारोदार फिरायचे, गिऱ्हाइकाच्या दारात दोन लिटर काढायचे, पुढच्या दारात अजून एक लिटर. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यांवर रात्री गर्दीत उभी राहून धार देणारी म्हैस ती हीच. गर्दीला, हॉर्नला, अनोळखी माणसाला ती बधत नाही. आईंनी एवढंच म्हटलं, “माझ्या म्हशी बांधा की पुढं.”

तेव्हापासून गोठे दोन झाले. मागचा गोठा मुऱ्हांचा, मध्ये भिंत आणि कुलूप. तिथे वहिनी, अण्णा, जनावरांचे डॉक्टर आणि मजूर सोडून कोणी जात नाही. पुढे रस्त्याकडच्या पडवीत पंढरपुरी, आता पाच. धार संध्याकाळी साडेपाचलाच निघते. पाहुणे अकराला येतात आणि “आत्ता काढून दाखवा” म्हणतात. धाकट्याने एकदा दुपारी काढून दाखवलीही होती. वहिनींनी दुसऱ्या दिवशी चरवीच लपवून ठेवली. दोन धारांमध्ये बारा तासांचं अंतर सांभाळायचं तर पाहुण्याने थांबावं, म्हशीने नाही. गंमत अशी की या नियमाचा फायदा झाला. साडेपाचची धार बघायची म्हणून माणसं चारला येऊन बसतात, बसली की चहा पितात, कुंदा घेतात, आईंशी गप्पा मारतात.

पडवीतली धार मी पुष्कळदा पाहिली आहे. वहिनी आधी रेडकू सोडतात, चार ढुसण्या देऊ देतात, मग कानाला धरून बाजूला बांधतात. कोमट पाण्याने कास धुतात, फडक्याने पुसतात, पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढून गुठळी आहे का बघतात आणि त्या फेकून देतात. शहरातली माणसं ‘दूध का फेकलं’ म्हणून हळहळतात. तिथे वहिनी न बोलता ते कापड त्यांच्यापुढे धरतात. मग चरवीत धार. सुरुवातीचा टणटण आवाज, आणि तळ भरला की फेसात बसत जाणारा. पोरं गप्प होतात. अर्धभिंतीच्या अलीकडून हे बघायचं, भिंत ओलांडायची नाही, एका वेळी पंधरा माणसं.

इथे पाहुण्यांची पहिली मागणी येते: धारोष्ण दूध द्या. या बाबतीत माझं मत कडक आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय माणसाला होऊ शकतो, आणि म्हैस वरून धडधाकट दिसली म्हणून काही कळत नाही. 2019 मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या पारड्यांना ब्रुसेलाची लस एकदाच टोचतात. या घरातल्या पारड्या टोचलेल्या आहेत, तरी दूध उकळूनच मिळतं. “आमचे आजोबा असंच प्यायचे” म्हणणारा पाहुणा दर रविवारी एक तरी असतो. धाकटीचं उत्तर ठरलेलं: “तुमच्या आजोबांची म्हैस त्यांच्या ओळखीची होती.” उलट्या दिशेचा धोका लोकांच्या ध्यानात येत नाही. बाहेरच्या माणसाच्या चपलेला लागून दुसऱ्या गोठ्यातली लाळ्या-खुरकूत इथे येऊ शकते. म्हणून दारात चुन्याचा पट्टा आणि औषधाच्या पाण्याचं पसरट घमेलं, आणि बाहेर पडताना साबणाने हात धुणं सक्तीचं. साबण कोणाला आवडत नाही. मी तिकिटाच्या मागे छापायला लावलं.

दुसरी मागणी खरवसाची. दर शनिवारी फोन: खरवस आहे का? चीक म्हैस व्यायल्यावर चार-पाच दिवसच निघतो. पहिला चीक रेडकाचा. व्यायल्यावर पहिल्या दोन तासांत पोटात गेला तरच त्याची प्रतिकारशक्ती उभी राहते, दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. उरतो तो माणसांचा. चौदा म्हशींच्या घरात महिनोन्महिने एकही विणार नाही असं होतं. धाकट्याने बाजारातली खरवसाची पावडर आणून पाहिली, खपलीही. धाकटीने बंद केली. आता दारात खडूने लिहिलेली पाटी असते, बहुतेक दिवस ‘आज खरवस नाही’. ज्या दिवशी ‘आहे’ लिहितात त्या दिवशी दुपारपर्यंत संपतो, आणि ज्या म्हशीचा, ती रेडकासकट पडवीत बांधलेली असते. या एका पाटीने जेवढा विश्वास कमावला तेवढा कोणत्याही जाहिरातीने कमावला नसता असं मला वाटतं, जरी वहीत विश्वासाचा रकाना नाही.

आता वह्यांकडे. माझी अट एकच होती: गोठ्याची वही वेगळी, पाहुण्यांची वेगळी, आणि पाहुण्यांच्या वहीने गोठ्याकडून दूध घेतलं तर संस्थेच्या दराने पैसे मोजायचे. भावांना हा पोरखेळ वाटला. वर्षभरानंतर दिसलं ते असं: मागच्या गोठ्यातल्या उत्तम दहा-बारा म्हशी नफ्यात, बाकीच्या सगळ्या त्यांच्या जिवावर जगणाऱ्या. कमी दुधाच्या, दोन वेतांमध्ये लांब खाडा पडणाऱ्या म्हशी पोसण्यासाठी पाहुण्यांचा पैसा कडब्याच्या ट्रकात चालला होता. अण्णांना हे मान्य व्हायला वेळ लागला. त्यांच्या पिढीत माणसाची पत दावणीवरून मोजली जाते. म्हशी एकेक करून, पाठोपाठच्या बाजारांत गेल्या, आणि दर वेळी अण्णा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

विकण्यालाही मर्यादा आहेत. कर्नाटकाचा 2020 चा गोवंश हत्याबंदी कायदा 2021 पासून लागू झाला; तेरा वर्षांखालची म्हैस आणि रेडाही त्याच्या संरक्षणात येतात. भाकड म्हैस किंवा रेडकू घ्यायला गिऱ्हाईक कमी, भाव त्याहून कमी. पाहुण्यांची पोरं विचारतात, “हा मोठा झाला की काय करणार?” धाकटा आधी विषय बदलायचा. आता अण्णा सरळ सांगतात की रेडा सांभाळणं परवडत नाही, म्हणून शक्य तिथे पारडीच होण्याची शक्यता वाढवणारं सॉर्टेड सीमेन वापरतो, आणि तरी रेडकू झालंच तर चिखलणीसाठी मागणाऱ्या शेतकऱ्याला देतो. काही पालकांना हे पोरांपुढे बोललेलं रुचत नाही. मला तरी हे सांगणंच बरोबर वाटतं.

दुसऱ्या वहीतला धक्का जेवणाचा होता. रविवारचं ताट खूप चालायचं: तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, भात-आमटी, दही, लोणी, ताकातली नाचणीची आंबील. नफा भरघोस दिसायचा, कारण खर्चात दोन्ही जावांची मजुरी शून्य लिहिलेली होती. थोरल्या वहिनी पहाटे साडेचारला गोठ्यात, दहाला चुलीपाशी, साडेपाचला परत धारेला. मी गावातल्या मजुरीच्या दराने त्यांचे तास लिहायला लावले आणि ताट तोट्यात गेलं. त्यावर घरात मोठी खडाजंगी झाली. शेवटी ताट बंद झालं. आता आधी सांगून येणाऱ्या एकाच गटाला, रविवारी, आणि त्यासाठी गावातल्या दोन बायका रोजाने येतात. कुंद्याचे पैसे धाकटीच्या खात्यात आणि पडवीतल्या धारेच्या तिकिटाचे थोरलीच्या खात्यात जमा होतात. ही वाटणी माझी नाही, त्यांची त्यांनी केली. पर्यटनाच्या गोष्टीत ‘कुटुंबाचा व्यवसाय’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा चुलीपाशी कोण होतं आणि सही कोणाची होती हे विचारावं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. कर्नाटकात शेतजमिनीचा बिगरशेती वापर करायचा तर 1964 च्या जमीन महसूल कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणून पक्कं बांधकाम त्यांनी घराच्या गावठाणातल्या जागेपुरतंच ठेवलं. खानापूर तालुक्यातली बरीच गावं पश्चिम घाटाच्या प्रस्तावित संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहेत, भीमगड अभयारण्य जवळ. खोल्या बांधायच्या म्हटल्या की हा प्रश्न उभा राहतो. कुंद्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी घेतली. तेव्हा वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असेल तर साध्या नोंदणीवर भागायचं. पाटी बदलावी लागली, कारण 2024 च्या दुरुस्तीनंतर पाटीवर 60 टक्के कन्नड हवं. आता वर मोठं कन्नड, खाली मराठी, आणि गोव्याहून येणारे कोकणीत विचारतात. तिन्ही भाषांत उत्तर द्यायला आई पुरेशा आहेत. आणि एक गैरसमज: दुधाचं उत्पन्न शेतीचं म्हणून आयकर नाही असं बहुतेक दूधवाले धरून चालतात. आयकर कायदा दूधधंद्याला शेती धरत नाही, पाहुण्यांच्या तिकिटाला तर नाहीच. महाराष्ट्राने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं स्वतंत्र धोरण आणलं, पण ते सीमेच्या पलीकडे. त्याच्या प्रमाणपत्राचा इथे उपयोग नाही.

2020 च्या मार्चमध्ये पाहुणे एका दिवसात शून्यावर आले. गोव्याची हद्द बंद, पुढच्या वर्षी महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचे कागद. चहाची शेड झाकून ठेवली. दूध मात्र संस्थेत जात राहिलं, बिल येत राहिलं. जांबोटी रस्त्यावरच्या ज्यांनी गाई-म्हशी विकून नुसती हॉटेलं टाकली होती त्यांच्यापेक्षा हे घर बरं राहिलं. त्याच वेळी धाकट्याच्या डोक्यातून ‘संस्थेला कशाला घालायचं, सगळ्याचा कुंदा करू’ हा विचार गेला. सभासदत्वाचे हक्क टिकवायला वर्षभरात ठरावीक दूध संस्थेत घालावं लागतं, आणि ते तुटू द्यायचं नाही हे त्या वर्षी पक्कं झालं. 2022 मध्ये लंपी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा गाईंना जास्त झळ बसली; म्हशींना त्यामानाने कमी. तरी अण्णांनी पडवी कित्येक आठवडे बंद ठेवली, फक्त कढई चालू.

दोघे भाऊ मध्यंतरी पुणे जिल्ह्यातल्या मंचरचा भाग्यलक्ष्मी डेअरी फार्म बघून आले. परदेशी जातीच्या हजारो गाई, गोल फिरणारं यंत्रावरचं दोहन, पाहुणे गॅलरीतून बघतात. धाकटा भारावला. अण्णांनी फक्त एक गोष्ट उचलली: तिथेही पाहुणा आणि गाय यांच्यामध्ये काच आहे.

सध्याचा वाद पोहण्याच्या तलावाचा आहे. धाकट्याला शेडच्या मागे तलाव, त्याला लागून कृत्रिम पावसात नाचायची जागा आणि लग्नाआधीच्या फोटोंसाठी कमान हवी आहे. पैसा तयार आहे. अण्णांना त्याच जागी म्हशींसाठी डुंबायचं तळं हवंय. वरवर बघता हा जुन्या नि नव्याचा वाद वाटेल. वहीतून तो वेगळा दिसतो.

म्हैस साधारण 310 दिवस गाभण राहते आणि तिचा माज दिवस लहान होत जातात त्या काळात नीट येतो. म्हणून बहुतेक म्हशी पावसाळ्यात आणि दिवाळीच्या मागेपुढे वितात, हिवाळ्यात दूध ओतू जातं आणि मे महिन्यात गोठा कोरडा. पाहुण्यांची मोठी गर्दी शाळांना सुट्टी लागते त्या मे महिन्यातच. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी बघायला येणाऱ्यांना दूध कमी पडत नाही. बेळगावच्या गवळी गल्लीतल्या मिरवणुकीसारखं इथे म्हशी पळवत नाहीत, नुसत्या ओवाळतात. पण मे महिन्यात कुंद्यासाठी बाहेरून दूध विकत घ्यावं लागतं आणि पाहुण्यांना ‘घरच्या म्हशीचं’ म्हणून सांगता येत नाही. मे महिन्यात दूध हवं तर म्हैस फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यायला हवी, म्हणजे आदल्या एप्रिल-मेमध्ये ती गाभ धरायला हवी. नेमक्या त्याच दिवसांत काळ्या कातडीची, घामाच्या ग्रंथी कमी असलेली म्हैस उन्हाने बेजार असते आणि माज मुका राहतो. दिसत नाही, कळत नाही. त्यावर उपाय थंडावा: डुंबायला पाणी, नाही तर फवारे, आणि पहाटे-संध्याकाळी माजाकडे लक्ष.

तळ्याकडेला दोन बाक टाकले तर डुंबणाऱ्या म्हशी बघायला माणसं तासभर बसतील, याची धाकटीला खात्री आहे. तिचं मत तळ्याच्या बाजूने आहे. पाणी साचून डास आणि जंत होतील, म्हणून तळाला फरशी, उतार आणि दर आठवड्याला पाणी सोडायची सोय हवी, ते पाणी नेपिअरला जाईल. हा खर्च मी तलावाच्या खर्चाशेजारी मांडून दिला आहे. तळं निम्म्याहून कमीत होतं. धाकट्याने कागद घेतला आणि उरलेल्या पैशांत कमान बसते का, ते विचारलं. बसते. अण्णांची अट आहे की कमान मागच्या गोठ्याच्या भिंतीपासून लांब असावी आणि तिथे साडेचार ते साडेसहा गाणी लावायची नाहीत. थोरल्या वहिनींनी यंदाच्या एप्रिलमध्ये तीन म्हशी भरवून घ्यायच्या ठरवल्या आहेत. जनावरांच्या डॉक्टरांना तारखा दिल्या आहेत, तळं तोवर होवो न होवो.